चुकलेल्या फेकीमागे धावणाऱ्या मुली: शालेय सॉफ्टबॉल प्रशिक्षण केंद्राचे परीक्षण

खानदेशातील आमच्या जिल्ह्याच्या गावी माध्यमिक शाळेतील मुलींसाठी सॉफ्टबॉल या बेसबॉलसारख्या खेळाचे एक प्रशिक्षण केंद्र चालते. माझी मुलगी तेथे आठवीपासून जाते आणि सध्या सतरा वर्षांखालील गटात आपल्या शाळेच्या संघातून खेळते. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. येथे जे लिहीत आहे, ते कोणतेही केंद्र निवडताना पालकांनी पाहावे असेच आहे.

वर्ग सकाळी सहा ते आठ या वेळेत भरतो, शुल्क महिना ८०० रुपये आहे आणि नव्या मुलींना सुरुवातीला ग्लोव्ह केंद्राकडूनच वापरायला मिळतो. प्रवेश घेताना २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा येत असल्याचा उल्लेख आवर्जून केला जातो. माहिती खरी आहे, परंतु शाळकरी मुलीसमोरची वाट जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा अशीच असते, आणि त्या वाटेवर स्पर्धेच्या स्तरानुसार दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण हा बहुतेक घरांतला खरा विचार असतो. त्यात गैर काही नाही. मात्र केवळ गुणांसाठी मुलीला येथे घालणाऱ्या पालकांना या केंद्रातील सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित दिसणारच नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

येथे बॅटिंगपेक्षाही अधिक भर ‘बॅकअप’वर दिला जातो. शॉर्टस्टॉपने (सेकंड व थर्ड बेसच्या मधे उभी राहणारी मुलगी) जमिनीलगतचा चेंडू उचलून फर्स्ट बेसकडे (बॅटिंग करणारीला धावत गाठायचा पहिला टप्पा) फेकला, की राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूस दूर, उभ्या असलेल्या मुलीने त्याच क्षणी फर्स्ट बेसच्या मागच्या बाजूस धावत यायचे, म्हणजे फेक हुकलीच तर चेंडू पुढे वाहून जाणार नाही. बहुतेक वेळा फेक नीट ग्लोव्हमध्ये बसते आणि राइट फील्डच्या मुलीची धाव कोणाच्या लक्षातही येत नाही. सामन्यात तिचे नाव कोणी घेत नाही, स्कोअरबुकात तिची नोंद होत नाही. प्रशिक्षक मॅडमच्या वहीत मात्र होते: कोण बॅकअपला आली, कोण उभी राहिली, हे त्या प्रत्येक सराव सामन्यात टिपून ठेवतात आणि संघ निवडताना ती वही उघडतात. चांगली बॅटिंग असलेली एक मुलगी या वहीमुळे बाहेर बसलेली मी पाहिली आहे. तिच्या पालकांना ते पटले नव्हते. मला पूर्णपणे पटले.

हे शिक्षण किती खोलवर गेले आहे, ते जिल्हा स्पर्धेच्या एका अंतिम सामन्यात कळले. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग होती, आमच्या मुली एका रनने पुढे होत्या, समोरच्या संघाचे दोन आऊट झाले होते, आणखी एकच हवा होता, आणि त्यांच्या मुली सेकंड व थर्ड बेसवर होत्या. थर्ड बेसकडे सरळ चेंडू आला, तेथील मुलीने तो स्वच्छ उचलला आणि फर्स्टकडे फेकला, तो बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेला. राइट फील्डची मुलगी आधीच मागे पोहोचली होती. तिने चेंडू अडवून थेट होम प्लेटकडे, म्हणजे जेथे पोहोचल्यावर रन होतो तेथे, फेकलाही, पण तोवर एक रन झाला होता आणि दुसरी मुलगी होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हखालून स्लाइड करून सेफ झाली. सामना हातचा गेला. थर्ड बेसची मुलगी जागच्या जागी मटकन बसली. तेव्हा कॅचर मास्क काढून होम प्लेटवरून तिच्यापर्यंत चालत गेली, तिचा ग्लोव्ह उचलून स्वतःच्या काखेत धरला आणि एवढेच म्हणाली, “चल गं, हात मिळवायला लाइनीत उभं राहायचंय.” मॅडमही त्या वेळी फार बोलल्या नाहीत. “फेकीचं आपण सोमवारी बघू, आत्ता बॅगा भरा,” एवढेच त्यांचे शब्द होते.

सोमवारी त्यांनी ते खरोखर पाहिले. पुढचा पाय जमिनीवर टेकण्याआधीच हात सुटला होता, म्हणून चेंडू वर गेला, हे त्यांनी दाखवून दिले आणि तो सराव त्या एका मुलीकडून न घेता इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळ खेळणाऱ्या, सगळ्या मुलींकडून करून घेतला. चूक एकीची होती आणि मेहनत सगळ्यांनी केली. पुढच्या हंगामात याच संघाने जिल्हा जिंकला, तेव्हा निर्णायक रनसाठी संघातील सर्वांत जोरकस बॅटिंग करणाऱ्या मुलीने बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढे ढकलून, स्वतः आऊट होणे पत्करले आणि थर्ड बेसवरच्या मैत्रिणीला होम प्लेटवर आणले. त्या दिवशीचा जल्लोष अर्थातच मोठा होता, परंतु मुलींची घडण पराभवानंतरच्या त्या सोमवारी अधिक झाली, असे माझे मत आहे.

आता उणिवा. कॅचरच्या साहित्याचा एकच संच आहे आणि तोही मोठ्या माणसांच्या मापाचा. चेस्ट गार्ड गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि हेल्मेट बसता-उठता डोळ्यांवर येते. महिलांच्या नियमांनुसार पिचर (बॅटिंग करणारीला चेंडू टाकणारी मुलगी) आणि होम प्लेट यांच्यातील अंतर १३.११ मीटर असते आणि ताशी ७० किलोमीटर वेगाचा चेंडू ते पाऊण सेकंदाच्या आत कापतो. अशा वेळी डोळ्यांवर आलेले हेल्मेट ही किरकोळ गैरसोय नसून धोका आहे. मागणी करूनही दुसरा संच आलेला नाही.

दुसरी गंभीर बाब पिचरची. खालून हात फिरवून चेंडू टाकल्याने खांद्यावर ताण येत नाही, असा समज येथेही आहे. तो खरा नाही. एकाच दिवशी लागोपाठच्या सामन्यांत एकाच मुलीकडून सर्व इनिंग टाकून घेतल्या जातात, दुसरी पिचर तयार करण्याचे काम मागे पडते आणि मुलगी खांदा दुखत असल्याचे सांगत नाही, कारण संघाला आपली गरज आहे हे तिला नको तितके समजलेले असते. संघभावनेचा धडा इतका नेटाने देणाऱ्या केंद्राने ही बाजूही तितक्याच नेटाने सांभाळायला हवी. याखेरीज मैदानावरील स्वच्छतागृह सकाळी बहुधा कुलूपबंद असते आणि संघनिवडीचा निरोप आदल्या रात्री येतो, त्यामुळे बसने येणाऱ्या खेड्यातील मुलींची धावपळ होते.

शुल्काच्या मानाने मिळणारे शिक्षण उत्तम आहे आणि माझी मुलगी पुढेही येथेच खेळेल. आपली मुलगी कॅचर होणार असेल, तर तिच्या मापाचे हेल्मेट, चेस्ट गार्ड आणि लेग गार्ड घरूनच घेऊन द्यावेत. पिचर होणार असेल, तर हंगामाच्या आधी मॅडमशी बसून एका दिवसात ती किती इनिंग टाकणार, हे ठरवून घ्यावे; त्या ऐकून घेतात, फक्त विषय आपण काढावा लागतो.