वजनदार ब्लँकेट: सात महिने वापरल्यावर

लेक नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक, बोलणं मोजकंच. रात्री दोनला उठायचा की पहाटेपर्यंत घरभर फेऱ्या. म्हणून हे मागवलं. त्याचं वजन तीस किलो, म्हणून ब्लँकेट तीन किलोचं. साधारण दहा टक्के असा हिशेब सांगतात.

शिवण चांगली आहे. चौकोन पाडून आत काचेचे बारीक मणी भरलेत, त्यामुळे सगळं वजन एका कोपऱ्यात गोळा होत नाही आणि कूस बदलताना सळसळतही नाही. आमच्याकडे तेवढा आवाजही चालत नाही. खोळ काढून धुता येते. आतलं धुवायच्या भानगडीत पडू नका. मी पडले, ओलं झाल्यावर मला उचलेना. उकाड्यात निरुपयोगी.

त्याला ते पहिल्या रात्रीच आवडलं. झोप मात्र वाढली नाही. दोनचे अडीच झाले, एवढंच. नंतर वाचलं, २०१४ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात ऑटिस्टिक मुलांवरचा अभ्यास आला होता: साध्या ब्लँकेटपेक्षा झोप काही वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना वजनदारच जास्त आवडलं. म्हणजे आमच्याच घरचा निकाल.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, हा ते पांघरतच नाही. गुंडाळी करून तिच्यावर पालथा पडतो, बेंबीखाली दाबून धरतो. मला वाटलं, नवा खेळ. आधीच्या डॉक्टरांनी प्रत्येक तक्रारीला 'ऑटिझममध्ये असं होतंच' म्हणून आम्हाला परत पाठवलेलं. नव्या डॉक्टरांना मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, तर त्यांनी आधी पोट चाचपलं. बद्धकोष्ठता, तीही जुनी. मी म्हटलं, अहो, याला तर जुलाब होतात, चड्डी खराब होते! तर ते साचलेल्या घट्ट मळाच्या कडेने झिरपणारं पातळ होतं. ऑटिझमसोबत पोटाच्या तक्रारी, झोपेचे त्रास, फिट्स बऱ्याच मुलांत असतात, आणि ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही त्याचं दुखणं हट्टीपणाच्या खात्यात जमा होतं. मीही तेच केलं होतं.

शौच मऊ करणारं औषध आणि जेवणानंतर रोज दहा मिनिटं संडासात बसणं. दीड महिन्याने रात्रीच्या फेऱ्या आठवड्यातून एखाद्यावर आल्या. याचे बाबा अजून ब्लँकेटलाच श्रेय देतात.

पाचपैकी तीन तारे. एक उकाड्यासाठी कापला, दुसरा माहितीपत्रकासाठी. मुलाला ते स्वतःहून बाजूला सारता आलं पाहिजे, तोंडावर कधीच घ्यायचं नाही, तान्ह्या बाळाला तर नाहीच, फिट्स किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं: हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत, धुण्याच्या सूचनांच्याही खाली!

सध्या गृहपाठाला बसला की तो ते मांडीवर घेतो. रात्री साधी चादर.