नऊ महिने फक्त सेकंडहँड: कपडे, भांडी आणि एक न सापडलेलं झाकण

तर नऊ महिने झाले. ठरवलं होतं एवढंच की आतले कपडे, मोजे आणि टॉवेल सोडले तर घरात येणारा प्रत्येक कपडा आणि स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू थ्रिफ्ट स्टोअरमधूनच (म्हणजे लोकांनी दिलेलं जुनं सामान विकणाऱ्या दुकानातूनच) आणायची, आणि बघायचं किती दिवस जमतंय. मला वाटलं होतं महिन्याभरात कंटाळेन. कंटाळले नाही, पण ज्या पद्धतीने सुरू केलं होतं त्या पद्धतीने आता अजिबात करत नाही आणि मुख्यतः तेच सांगायचंय.

पहिले दोन महिने मी जे केलं त्याला खरेदी म्हणत नाहीत, त्याला हपापणं म्हणतात. एवढ्या कमी पैशात एवढी वस्तू मिळतेय म्हटल्यावर हातातली टोपली आपोआप भरत जाते, घरी येऊन पाहिलं की कळतं अरे हा कोट मी घालणार कधी आणि ही सहा कपांची किटली कुणासाठी. मला वहीत नोंद ठेवायची सवय आहे म्हणून आकडे आहेत. पहिल्या दोन महिन्यांत ३४ वस्तू आणल्या, त्यातल्या आज वापरात आहेत ११. पुढच्या सात महिन्यांत आणल्या २७, वापरात २३. मधे काय बदललं? मी यादी घेऊन जायला लागले, बस. आणि यादी म्हणजे नुसतं 'शर्ट' लिहायचं नाही, 'गडद रंगाचा सुती शर्ट, पूर्ण बाही, खांदा १५ इंच' असं लिहायचं. यादीत नसलेली वस्तू कितीही गोड दिसली तरी हातात घेऊन बघायची आणि जागेवर ठेवायची. हे लिहायला सोपंय. प्रत्यक्षात पहिल्या चार-पाच फेऱ्यांना रिकाम्या हाताने परत आले तेव्हा रडकुंडीला आले होते.

मापांचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त माती तिथेच खाल्ली. लेबलवरच्या साइजला काहीही अर्थ नाही, म्हणजे खरंच काहीही नाही. अमेरिकेत १९५८ साली बायकांच्या कपड्यांच्या मापांचं एक सरकारी प्रमाण काढलं होतं, ते १९८३ मधे रद्दच झालं, आणि तेव्हापासून ज्याला जो आकडा बरा वाटेल तो तो लावतो. त्यात थ्रिफ्टमधे वेगवेगळ्या दशकांतले, वेगवेगळ्या देशांतले कपडे एकाच दांडीला लटकत असतात, शिवाय आधीच्या मालकाने गरम पाण्यात धुऊन आटवलेला असेल तर ते आणखी वेगळं. त्यामुळे पर्समधे टेप. घरी जो शर्ट तुम्हाला सगळ्यात छान बसतो तो पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि उंची, अशी तीन मापं मोबाइलमधे लिहून ठेवा. पँटसाठी कंबर, मांडी आणि आतल्या शिवणीची लांबी. पँटची कंबर मानेभोवती गुंडाळून बघायची जी युक्ती सगळे सांगतात ती मी दोनदा वापरली आणि दोन्ही पँट आज माझ्या बहिणीकडे आहेत.

कपड्यांच्या रांगेत डोळ्यांनी शोधू नका, हाताने शोधा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तिसऱ्या महिन्यात आपोआप लक्षात आलं. हात फिरवत चालायचं आणि जिथे बोटं थांबतील तिथे थांबायचं. लिनन हाताला थंड आणि थोडं खरखरीत लागतं, जाड सुती कापड भरीव लागतं, लोकर दाबली की परत फुगते, आणि स्वस्तातलं पॉलिस्टर बोटांवरून सटकतं. रंग आणि डिझाइन बघत बसलात तर तासाभरात डोकं उठतं. लेबल कापलेलं असेल तर घरी आणून आतल्या शिवणीतले दोन धागे काढून चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघते मी (विकत घेतल्यावर हं, दुकानात नाही). सुती धागा भसकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. लोकरीला केस जळल्याचा वास, आणि काडी बाजूला घेतली की ती स्वतःच विझते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. माझं ज्या स्वेटरवर प्रेम बसलं होतं, जो मी सगळ्यांना शुद्ध लोकर म्हणून दाखवत होते, त्याची कडक काळी गोळी झाली. ॲक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखं दिसणारं कृत्रिम सूत. घालते मी तरीही, उबदार आहे, पण आता गप्प बसून घालते.

स्ट्रेचच्या कपड्यांपासून मात्र लांब राहायला लागले. जीन्समधे जो इलास्टेन असतो तो उष्णतेने आणि वयाने मरतो, पँट दांडीवर छान दिसते आणि घातल्यावर दुपारपर्यंत गुडघ्यात पोतं होतं. दुकानात दोन्ही हातांनी ताणून सोडून बघा, पटकन जागेवर आलं नाही तर नको.

कपडा पसंत पडला की उजेडाकडे धरायचा. भोकं, विरलेली जागा, रफू सगळं दिसतं. मग काखा, कॉलरची आतली बाजू, पँटच्या मांड्यांमधली जागा आणि खिशांचे तळ. चेन दोनदा पूर्ण वरखाली करायची. चेनवर वायकेके लिहिलेलं असलं की मला जरा बरं वाटतं, १९३४ पासूनची जपानी कंपनी आहे, आणि ज्याने चेनवर पैसे वाचवले नाहीत त्याने बाकी शिवणीतही फार वाचवले नसतील असा माझा एक अंदाज. शास्त्र नाही हे. बटण तुटलंय, शिवण उसवलीय, खालची दुमड सुटलीय हे सगळं अर्ध्या तासाचं काम. खांदा मोठा असेल तर सोडा, खांदा उतरवणं म्हणजे अख्खा कपडा उसवणं. काखेतले पिवळे डागही शक्यतो सोडाच. ते नुसत्या घामाचे नसतात, घाम आणि डिओमधलं ॲल्युमिनियम मिळून होतात आणि साधं क्लोरीनचं ब्लीच टाकलं की उलट जास्त पिवळे होतात, मी एका पांढऱ्या शर्टाचं वाटोळं करून हे शिकलेय. ऑक्सिजनवाल्या ब्लीचमधे रात्रभर भिजवून थोडा फरक पडतो, पण ते लोकर आणि रेशमावर अजिबात नाही.

आता बुटांची गोष्ट. चौथ्या महिन्यात एक ट्रेकिंगचे बूट मिळाले, जवळजवळ न वापरलेले, तळवा कोरा, मी तर नाचतच घरी आले. तिसऱ्या दिवशी चालायला गेले आणि चाळिसेक मिनिटांनी पायाखाली काहीतरी मऊ मऊ लागायला लागलं. बघते तर सोल चुरा होऊन मागे पडत चाललाय, मुठीत घेतला तर अक्षरशः भुगा. नवऱ्याला फोन करून बोलावलं, तो गाडीतून उतरायच्या आधीपासून हसत होता. नंतर वाचल्यावर कळलं की या सोलमधलं पॉलीयुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतल्या आत तुटत जातं, वापरा किंवा कपाटात ठेवा, वर्षांचा हिशोब चालूच राहतो. म्हणजे न वापरलेले जुने बूट ही लॉटरी नाही, धोक्याची घंटा आहे. आता सोल अंगठ्याने जोरात दाबते, कडा वाकवून बारीक चिरा बघते. चामड्यासारख्या दिसणाऱ्या बॅगा आणि जॅकेटचंही तेच, पापुद्रे निघायला लागले की थांबत नाहीत. खरं चामडं कितीही सुकलेलं असलं तरी तेल-पॉलिशने बरंचसं परत येतं.

आईचा पहिला प्रश्न होता, 'कुणाचे कुणास ठाऊक, अंगावर कसे घालतेस गं?' उत्तर आहे की थेट घालत नाहीच. आणलेली पिशवी दाराशीच बांधून राहते. जे ड्रायरमधे चालतं ते जास्तीत जास्त गरमीवर अर्धा तास, ढेकूण आणि त्यांची अंडी त्यात मरतात, मग धुणं. लोकर, रेशीम वगैरे पिशवीत बंद करून फ्रीझरमधे उणे १८ अंशांवर, ढेकणांसाठी कमीत कमी चार दिवस सांगतात, मी कसरीच्या भीतीने दोन आठवडे ठेवते. कसर वाईट, तिच्या अळ्या लोकर खातात आणि एका स्वेटरवरून अख्ख्या कपाटात जातात. एवढं करून एकदाही काही निघालं नाही, पण एकदा निघणं पुरेसं असतं.

वास हा वेगळा विषय. साधा कोंदट वास उन्हाने आणि पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवल्याने जातो (व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, विषारी क्लोरीन वायू होतो). डांबरगोळ्यांचा वास आठवडाभर वाऱ्यावर टांगून कमी होतो. सिगारेटचा वास असलेला कोट मी दोन महिने घासला, टांगला, सोड्यात पुरला, शेवटी देऊन टाकला. सुंदर कोट होता.

भांड्यांकडे येते, कारण खरं सांगायचं तर माझा जास्त फायदा तिथे झाला. मडकं वाजवून घ्यावं म्हणतात ते शब्दशः करा. कप, वाडगा, बरणी तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारायची, टणकन नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे, दिसो न दिसो. काठावरून बोट हळू फिरवायचं, टवका उडाला असेल तर लगेच लागतो. स्टीलला चुंबक लावून बघते, इंडक्शन शेगडी असेल तर चुंबक तळाला चिकटलाच पाहिजे. भांड्याखाली १८/१० लिहिलेलं असलं तर त्यात १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल, गंज धरत नाही, पण तेच स्टील नुसतं असेल तर चुंबकाला चिकटत नाही, म्हणून दोन्ही हवं असेल तर तळाला वेगळा थर लावलेला आहे का बघायचं.

बिडाचं पॅन ही नऊ महिन्यांतली माझी सगळ्यात आवडती वस्तू. गंजाने लाल झालेलं, कुणी हात लावत नव्हतं. गंज घाबरायची गोष्ट नाही, घासून, तेल लावून, ओव्हनमधे तापवून दोन-तीन वेळा केलं की काळंभोर होतं. तडा मात्र कायमचा. आणि सपाट फळीवर ठेवून डुगडुगतंय का बघा. एकच शंका राहते, काही लोक जुन्या बिडाच्या भांड्यात मासेमारीची शिसं वितळवायचे, म्हणून आत राखाडी चकाकणारे थेंबासारखे डाग दिसले तर सरळ ठेवून द्या. शिशावरून आठवलं, ते वजनदार चमकणारे क्रिस्टलचे ग्लास, त्या काचेत निदान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असतं. मी दोन घेतलेत, एकात पेनं आहेत, दुसऱ्यात बटणं. जुन्या, भडक रंगाच्या, आतून नक्षी असलेल्या प्लेटाही शिशाच्याच भीतीने भिंतीवर. खरचटलेलं नॉनस्टिक फुकट मिळालं तरी नको.

हेल्मेट, गाडीतली मुलांची सीट, गादी, उशी हे काहीच घेत नाही. हेल्मेट एका धडकेसाठी असतं आणि ती होऊन गेलीय की नाही हे बाहेरून दिसत नाही. विजेची वस्तू दुकानातच लावून बघू देत असतील तरच. फर्निचर एकच घेतलं, एक छोटं टेबल, ठीक आहे, डुगडुगतं.

दुकानांबद्दल थोडं. गुडविल ही यातली जुनी संस्था, एडगर हेल्म्स यांनी बोस्टनमधे १९०२ साली सुरू केली तेव्हा कल्पना अशी होती की सधन घरांतून जुने कपडे-सामान गोळा करायचं, गरजू लोकांना दुरुस्तीचं काम शिकवायचं आणि नीट झालेला माल विकायचा. आता बहुतेक ठिकाणी ती मधली पायरी गेलीय, आलं तसं टांगतात, म्हणून सुईदोरा आपल्याकडे आला. याचा त्रास होतो तसा फायदाही, कारण किंमत बऱ्याचदा वस्तूच्या प्रकाराप्रमाणे लागते, शर्ट म्हणजे शर्ट, मग तो लिननचा असो की नायलॉनचा. हाताला फरक कळत असेल तर कमाई तिथे आहे. बऱ्याच दुकानांत टॅगचा रंग माल कधी आला ते सांगतो आणि जुन्या रंगावर सूट असते, काउंटरवर विचारा, सांगतात. माल कधीही बाहेर येत असतो, त्यामुळे आठवड्यात एकदा तीन तास घालवण्यापेक्षा दोनदा वीस-वीस मिनिटं बरी.

आता तक्रार, स्वतःचीच. त्या ६१ पैकी १९ वस्तू मी परत दान करून आले, आणि सुरुवातीला हे फार हुशारीचं वाटायचं, नाही आवडलं तर देऊन टाकू, फिरत राहील. तसं होत नाही. इथे न खपलेल्या मालाचे गठ्ठे बांधून लांब लांब जातात, घानातल्या आक्रा शहरात कांतामांतो नावाचा मोठा बाजार आहे, तिथले विक्रेते गठ्ठा न उघडता विकत घेतात आणि आत चिंध्या निघाल्या तर नुकसान त्यांचं. आणि कापडाचं परत कापड होणं तर सोडूनच द्या, एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या पुनर्वापरावर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या अहवालात ते प्रमाण १ टक्क्याहून कमी सांगितलंय. हे वाचल्यापासून दान पेटीशी उभं राहून मला पुण्य वगैरे वाटत नाही, पिशवी जड असेल तर लाजच वाटते. बाकी ५ वस्तू फेकल्या, त्यात बूट आले, आणि ३ अजून शिवायच्या पिशवीत आहेत, त्यातल्या एकीचं अस्तर तीन महिन्यांपासून 'या रविवारी' होणार आहे.

पुढे चालू ठेवणार का, तर हो, पण कपडे आता वर्षभर पुरतील इतके झालेत त्यामुळे तिकडे जातच नाही. यादीत सध्या एकच गोष्ट आहे. सहाव्या महिन्यात जाड बुडाचं एक झकास पातेलं मिळालं, बिनझाकणाचं. त्याच्या तोंडाचा दोरा मापून पर्समधे ठेवलाय आणि प्रत्येक दुकानात झाकणांच्या ढिगाशी उभी राहून दोरा लावून बघते, आजपर्यंत चाळीस तरी झाकणं झाली असतील, एक फक्त अर्धा सेंटीमीटर लहान निघालं. ते घेतलं नाही. तोवर वर ताटली ठेवते.