अँप आणि सबची जोडी: आठ महिन्यांचा अनुभव

गाडीच्या डिकीत 12 इंची सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) बसवून आठ महिने झाले. या काळात एक अँप (अँप्लिफायर) बदलला आणि एक सब जळाला. दोन्ही वेळा चूक माझीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या अँपच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 1500 वॅट छापलं होतं. मी ते वाचलं, फ्यूज मात्र पाहिला नाही. तो होता 30 अँपिअरचा. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर आत जाणारी वीजच जेमतेम 414 वॅट, आणि माझ्यासारखा क्लास एबी प्रकारचा अँप त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतो. बाहेर 250 वॅट आले तरी नशीब! खोक्यावर काहीही छापलेलं असो, आधी फ्यूज बघा आणि आरएमएस (सतत देता येणारे वॅट) किती ते वाचा.

त्यात ओहमचा, म्हणजे सबच्या विद्युतरोधाचा, घोळ. माझ्या सबला 4 ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या). पॅरलल जोडल्या तर 2 ओहम, सिरीजमध्ये 8. दोन्ही कॉइल वापरून एकाच सबमधून 4 ओहम काही केल्या मिळत नाहीत, आणि तो अँप ब्रिज केल्यावर (दोन चॅनेल एकत्र जोडल्यावर) 4 च्या खाली चालणारा नव्हता. 2 ओहमवर थोड्याच वेळात प्रोटेक्टचा (अँप स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा) लाल दिवा लागायचा, 8 वर आवाजात दमच नसायचा.

मग 2 ओहमला 500 वॅट आरएमएस देणारा क्लास डी (कमी तापणारा) मोनो (एकाच चॅनेलचा) अँप घेतला. सबही 500 वॅट आरएमएसचाच, म्हणजे कागदावर जोडी अगदी जमली. तरी तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला आणि सब मुका झाला. कारण गेन, म्हणजे येणारा सिग्नल अँप किती वाढवणार ते ठरवणारा स्क्रू. मी तो आवाजाचं बटण समजून कानाने वाढवत नेला होता, वर बेस आणखी वाढवणारा बेस बूस्टही चालू. अँपची मर्यादा संपली की लहरींचे माथे सपाट कापले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेली लहर त्याच अँपमधून जवळपास दुप्पट वॅट कॉइलमध्ये ओतते. कॉइल तरी किती सोसणार?

नवा सब बसवताना मल्टिमीटर घेऊनच बसलो. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 500 गुणिले 2 म्हणजे 1000, वर्गमूळ सुमारे 31.6 व्होल्ट. सबच्या वायर काढल्या, बेस बूस्ट शून्यावर, हेड युनिटचा (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचा) आवाज तीन चतुर्थांश, 50 हर्ट्झचा टोन लावला आणि एसी व्होल्टेज 31 च्या आसपास येईपर्यंत गेन हळूहळू वाढवला. नंतर लो पास (फक्त खालचे सूर सबकडे जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर.

तेव्हापासून प्रोटेक्टचा दिवा दिसलेला नाही. तासभर वाजवूनही अँपला हात लावता येतो. बेस आता घुमत नाही, ठोका पडतो आणि थांबतो. सीलबंद बॉक्सचाही त्यात वाटा आहे. गाडी उभी असताना हेडलाइट ठोक्याबरोबर मिचकायचे. वायर 4 गेजची शुद्ध तांब्याची टाकली, ग्राउंडच्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, तेव्हा ते पुष्कळ कमी झालं. पूर्ण गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात हेड युनिट बदललं. जुन्याचा प्रीआउट (अँपकडे जाणारा सिग्नल) 2 व्होल्टचा, नव्याचा 4 चा. गेन जुन्या खुणेवर राहिला असता तर पुन्हा तोच जळका वास आला असता. गाणं लावण्याआधी सबच्या वायर काढल्या, टोन लावला आणि स्क्रू बराच मागे फिरवला, तेव्हा कुठे मीटरवर 31 दिसले.