औली : जुनी लिफ्ट, बेभरवशाचा बर्फ, तरी पहिली स्की इथेच शिका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणी स्की शिकायचं मनावर घेतलं की दोन नावं हटकून पुढे येतात, गुलमर्ग आणि औली. गुलमर्गला गोंडोला म्हणजे बंद डब्यांचा रोपवे आहे, उतार लांबलचक आहेत, बर्फही भरपूर पडतो. औलीत यातलं फारसं काही नाही. एक मुख्य उतार, साधारण ८०० मीटरची चेअरलिफ्ट (तारेवरच्या खुर्च्या), स्की घातलेल्या माणसाला ओढत वर नेणारी ५०० मीटरची स्की-लिफ्ट, संपलं. तरीही ज्याने आयुष्यात पायाला स्की लावलेली नाही त्याने आधी औलीला जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे घरातून निघण्याआधी नीट समजून घ्या.

औली उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर आहे. उतार अंदाजे २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांचे स्कीचे सामने इथे झाले. कृत्रिम बर्फाच्या स्नोगन आणि त्यांना पाणी पुरवणारा तलाव ही त्याच काळातली तयारी. आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्कीची संस्थाही इथेच आहे. आपल्या बेळगावजवळच्या हालभावीला ज्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे तेच हे दल. म्हणजे जागा नावाजलेली आहे, पण सोयी जुन्या झाल्यात आणि त्यांच्यात नवी भर फार थोडी पडली.

सगळ्यात मोठा फटका रोपवेचा. जोशीमठहून औलीला येणारा हा रोपवे चार किलोमीटरहून थोडा लांब, दहा खांबांचा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा पडल्या आणि रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे रस्त्यानेच जायचं हे धरून चाला. जोशीमठहून साधारण पंधरा किलोमीटरचा घाट आहे. बर्फ चांगला पडला की नेमकी शेवटची वळणं निसरडी होतात आणि चाकांना साखळी न लावलेली गाडी तिथेच अडकते. गाडी ठरवताना भाड्याच्या आधी साखळीची चौकशी करा.

दुसरी अडचण खुद्द बर्फाची. पुरेसा बर्फ न पडल्याने इथल्या राष्ट्रीय स्पर्धा एकाहून जास्त वेळा पुढे ढकलाव्या किंवा रद्द कराव्या लागल्यात. मग स्नोगन कशाला आहेत, असं कुणीही विचारेल. स्नोगन पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर उडवते आणि ते खाली पडेपर्यंत गोठावे लागतात. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा शून्याखाली दोन-तीन अंशांपर्यंत उतरला तरच काम जमतं. रात्री उबदार किंवा दमट गेल्या तर तलाव भरलेला असूनही यंत्रं गप्प बसतात. म्हणून डिसेंबरच्या नाताळात घाई करू नका. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी अखेर हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. मार्चमध्ये सकाळी उतार काचेसारखा कडक आणि दुपारी नुसता चिखल. ओला बर्फ स्कीचा तळ धरून ठेवतो, स्की अचानक थांबते आणि माणूस पुढे जातो. नवशिक्यांचे गुडघे बरेचदा असे दुपारीच दुखावतात.

आता कोर्सचं. गढवाल मंडल विकास निगम म्हणजे जीएमव्हीएन हे सरकारी महामंडळ सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. राहणं, जेवण, सामान आणि शिकवणं एकाच फीत येतं. फी दर हंगामात बदलते, ती त्यांच्याकडूनच विचारून घ्या. उतारावर उभ्याउभ्या तासाच्या हिशेबाने शिकवणारेही भेटतात. एका तासात फोटो चांगले येतात, स्की येत नाही. पहिले दोन दिवस तोल सावरण्यात जातात, वळण तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागतं. त्यामुळे सात दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर एवढा प्रवास करू नका.

जुन्या पद्धतीचा खरा फायदाही या कोर्समध्येच दिसतो. मोठ्या स्की-गावात पहिल्या दिवशीच लिफ्टमध्ये बसवतात. इथे स्की पायाला बांधून उतार पायांनी चढायला लावतात. उताराला आडवं उभं राहायचं, वरच्या बाजूच्या कडा बर्फात रुतवायच्या आणि जिन्यासारखं एकेक पाऊल आडवं टाकत वर जायचं. दहा मीटर चढलात की धाप लागते, तेव्हा राग येतो. पण स्कीची धातूची कड बर्फ कुठे धरते आणि कुठे सोडते हे तळपायाला कळतं ते याच चढणीत. पुढे वळणं घेताना तीच कड वापरायची असते.

सामानाच्या बाबतीत मात्र सावध राहा. बूट बरोबर असेल तर बाकी निम्मं काम आपोआप होतं, आणि भाड्याच्या खोलीत भिंतीला लागलेल्या जुन्या बुटांच्या रांगेत नेमका बरोबर जोड शोधणं हेच मोठं काम आहे. स्की-बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच टाच भिंतीला टेकवून, अंगठ्यापुढे पट्टी धरून माप घ्या. २६ सेंटिमीटर भरला तर बूट २६ चा. तिथे गेल्यावर आतला मऊ बूट बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे हाताची बोटं घालून बघा. एक ते दोन बोटं जागा हवी. तीन बोटं मावली तर बूट मोठा, दुसरा मागा. बऱ्याच जणांना मोठा बूट आरामाचा वाटतो, पण टाच आत वर-खाली झाली की स्की पायाचं ऐकत नाही, शिवाय नडगी सोलवटते. मोजा एकच आणि पातळ. दोन मोजे घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. पँटचा पायचा बुटाच्या बाहेर ठेवा. बकल लावताना टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवा, मग घोट्यावरचं बकल, त्यानंतर वरची, आणि बोटांवरची अगदी सैल.

बुटाचं प्लास्टिकही तपासा. दहा-पंधरा वर्षांत ते आतून कुजतं. बाहेरून चकचकीत दिसणारा बूट थंडीत कडाककन तुटतो. बकलच्या खिळ्यांभोवती आणि टाचेजवळ केसासारख्या भेगा दिसल्या तर तो जोड परत करा, मग शिकवणारा काहीही म्हणो.

त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. त्याच्या पुढच्या आणि मागच्या भागावर एका छोट्या खिडकीत आकडा असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही शिकाऊ की सराईत, या पाच गोष्टींवरून तो ठरतो. तळाची लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ३०५ वगैरे. शिकणाऱ्या मोठ्या माणसाचा आकडा बहुधा तीन ते सहाच्या दरम्यान येतो. आधीचा माणूस नव्वद किलोचा आणि सराईत असेल आणि त्याचाच आकडा तुमच्या पायाखाली राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. आकडा फार कमी असेल तर चालत्या वेगात स्की निघून जाते. हा आकडा स्वतः फिरवू नका, पण तो माझ्यासाठी लावलाय का, हे विचारायला लाजूही नका. शेजारचा ब्रेकही बघा: बूट काढला की ब्रेकचे दोन्ही दांडे झटकन खाली आले पाहिजेत. ते न येणारी स्की सुटली तर ती थेट खालच्या माणसावर जाते.

स्कीची उंची हनुवटीपर्यंत पुरे. उंचीपेक्षा लांब, सरळसोट जुनी पट्टी हातात आली तर नको म्हणा. मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद असलेली स्की नवशिक्याला वळायला सोपी जाते. नखाची पाठ कडेवर आडवी हलकेच घासा: नखाचा पांढरा भुगा निघाला तर कड धारदार आहे. तळ कोरडा, पांढरट दिसत असेल तर मेणाला बरेच दिवस झालेत, स्की अडखळत चालेल.

स्की घालताना उताराला आडवं उभं राहून खालच्या बाजूची आधी घाला. त्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ काठीने खरवडून टाका. तिथे बोटभर बर्फ राहिला तर खटका बसल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो.

उभं राहण्याची ढब कुस्तीच्या पवित्र्यासारखी. तालमीत वस्ताद सांगतो तेच इथे लागू पडतं: गुडघे वाकलेले, कंबर खाली, हात पुढे, वजन तळपायाच्या पुढच्या भागावर. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली सतत जाणवली पाहिजे. उतार दिसला की भीतीने माणूस मागे रेलतो. तसं केलं की स्कीची टोकं हलकी होतात आणि वळायचं बंद होतं. थांबायला स्कीची पुढची टोकं वीतभर अंतरावर, शेपट्या म्हणजे मागची टोकं लांब पसरलेली, आणि दोन्ही टाचा बाहेर ढकलायच्या. उजव्या पायावर वजन दिलं की डावीकडे वळता, डाव्यावर दिलं की उजवीकडे. सुरुवातीला हे उलटं वाटतं. बेळगावात चाकांच्या स्केटिंगची पोरं भरपूर, त्यांना तोल लवकर सापडतो. पण पाय एकामागून एक उचलून ढकलण्याची सवय इथे आड येते, ती पहिल्या दिवशीच मोडावी लागते. तोल गेलाच तर बाजूला, वरच्या अंगाला बसा, आणि पडताना काठी सोडून द्या. मुठीत राहिलेली काठी अंगठ्याचा सांधा फाडते.

स्की-लिफ्टमध्ये पायांमध्ये धरलेल्या चकतीवर बसायचं नसतं, ती मागून नुसती ओढते. बसलात की पडलात. पडल्यावर ताबडतोब वाटेतून बाजूला सरका, मागचा येतोच आहे. चेअरलिफ्टच्या रांगेत नुसते बघे पर्यटकही असतात, सुट्टीच्या दिवशी गर्दी होते. वीज गेली, वारा सुटला किंवा काही बिघडलं की लिफ्ट बंद, आणि ती कधी सुरू होईल हे सांगणारा माणूस शोधावा लागतो. औलीच्या कारभारातला हा सगळ्यात त्रासदायक भाग. एक फळा आणि खडू ठेवला तरी माणसांचे तासन्‌तास वाचतील.

कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा, सूत ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली असूनही ऊब देते. धनगराचं घोंगडं पावसात कसं काम करतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर, मध्ये स्वेटर, वर पाणी न शिरणारं जाकीट. आंबोली-चोर्ल्याच्या पावसातलं चांगलं जाकीट चालतं, रबरी रेनकोट चालत नाही, कारण आतला घाम आतच राहतो. गॉगल यूव्ही रोखणाराच हवा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा. खिशात गोकाकचा करदंट ठेवा. गूळ, डिंक आणि सुका मेवा थंडीत टिकतो आणि उतारावर लगेच ताकद देतो. कुंदा डब्यात छान, पण हातमोजे घालून खाता येत नाही.

प्रवासाला गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाते, साधारण दीड दिवस. तिथून ऋषिकेश, आणि ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, घाटातून अख्खा दिवस. दरडींमुळे अंधारात हा रस्ता करू नका. बेळगाव साडेसातशे मीटरवर, म्हणून उंचीची सवय व्हायला जोशीमठला एक रात्र थांबून मगच औलीला चढा. डोकं दुखलं, मळमळलं तर त्या दिवशी स्की नको, त्रास वाढला तर खाली उतरा. सात दिवसांच्या कोर्सला येण्या-जाण्यासह पंधरा दिवसांची रजा लागते.

निघण्याच्या आठ दिवस आधी फोन करून चार गोष्टी विचारा. खालच्या सरावाच्या उतारावर आज किती इंच बर्फ आहे? या आठवड्यात स्की-लिफ्ट किती दिवस चालली? माझ्या मापाचे किती जोड बूट आहेत? कोर्स रद्द झाला तर पैसे परत मिळतात की पुढच्या बॅचमध्ये जागा? पहिल्या प्रश्नाला ‘या, बर्फ मिळेल’ एवढंच उत्तर आलं, तर आकडा मिळेपर्यंत गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढू नका.