बुलेटचं टायमिंग: सिगारेटचा कागद की अ‍ॅमीटरचा काटा?

जुन्या पॉइंटवाल्या बुलेट ३५० चं टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ते) लावताना खरा प्रश्न एकच: पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क, नेमके कधी उघडले? दोन्ही पद्धतींत आधी पॉइंटचा गॅप (साधारण ०.३५ ते ०.४० मिमी) लावायचा, प्लग काढायचा, टॉप गिअर टाकून मागच्या चाकाने इंजिन फिरवायचं.

कागदाच्या पद्धतीत सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये अडकवून हलका ताण ठेवतात. पॉइंट सुटले की कागद अलगद निसटतो. बॅटरी मेलेली असली तरी चालतं. पण ताण जास्त झाला तर कागद फाटतो, तंतू पॉइंटवर राहतात, ठिणगी नीट पडत नाही आणि मग किक मारून मारून पाय दुखतो.

अ‍ॅमीटर, म्हणजे वीजप्रवाह दाखवणारा मीटर, मला जास्त भरवशाचा वाटतो. चावी ऑन, दिवे बंद. पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो. उघडताच टुणकन मध्यावर येतो. डोळ्यांना दिसतं, बोटांच्या अंदाजावर काही नाही. मात्र चावी उगाच ऑन ठेवू नका, ठिणगीची कॉइल तापते. शिवाय काही अ‍ॅमीटरचे काटे इतके सुस्तावलेले असतात, की तिथे शेवटी कागदच काढावा लागतो.