तालुक्याला जायचं: एसटी, वडाप की स्पेशल गाडी?

गावी आईवडील दोघंच, दारात चारचाकी नाही आणि दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात खेप ठरलेली, अशी घरं आज गावोगाव आहेत. शहरातली मुलं फोनवर विचारतात, "कशानं जाताय?" मी म्हणेन, आधी "परत कशानं येणार?" ते विचारा. सकाळी जायला काही ना काही मिळतंच. खरी पंचाईत होते ती दुपारी, रिपोर्ट हातात पडायला तीन वाजतात तेव्हा.

ज्या गावाला मुक्कामी एसटी आहे, त्यांनी जायला दुसरा विचार करू नये. ही गाडी रात्री गावात येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि सकाळी माणसं दहा असोत की पन्नास, ती वेळेला हलते. पैशाच्या बाबतीत तर तुलनाच नाही. जानेवारी 2025 च्या दरवाढीनंतर साध्या गाडीला 6 किलोमीटरच्या टप्प्याला साधारण 10 रुपये पडतात, म्हणजे 30 किलोमीटरवरच्या तालुक्याला पन्नासच्या आसपास. त्यातही महिलांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. वयाचा पुरावा मात्र खिशात हवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. चंदगडहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून गोव्याला दवाखान्यासाठी जाणाऱ्यांनी पुढचं पूर्ण भाडं धरूनच निघावं.

एसटीची उणीव फेऱ्यांच्या संख्येत आहे. आडगावाला दिवसाकाठी दोन-तीन फेऱ्या, त्यातली एखादी रद्द झाली तर स्टँडवर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. निघण्याआधी वाहकालाच विचारावं, परतीची गाडी किती वाजता आणि ती रोज येते का. शाळेला सुट्टी असली की काही फेऱ्या बंद असतात, हे शहरातल्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणारी जीप (विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी), ही पोकळी भरून काढते. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप रेंगाळला, तेव्हा कित्येक गावांचं येणं-जाणं याच जीपगाड्यांनी चालू ठेवलं, हे विसरून चालणार नाही. गाडीवाला ओळखीचा असतो. म्हातारीला घराच्या वळणावर उतरवतो, औषधाची पिशवी हातात देतो, सुटे नसले तर "उद्या द्या" म्हणतो. हे कुठल्याही तिकिटात मिळत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

पण वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. बाजाराच्या दिवशी दहा मिनिटांत भरते, एरवी भर दुपारी तासभर थांबायला लागतं. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लागतात. कंबर-मणक्याचं दुखणं असलेल्याला तिथं बसवू नये, मधल्या रांगेतली खिडकी आधीच सांगून ठेवावी. टपावर किंवा मागच्या फळीवर माणसं लटकत असतील तर ती गाडी सोडून द्यावी. आणि नंबरप्लेट बघावी. पिवळ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवायला नोंदलेली असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं भरून जाताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. चार पैसे वाचवायला हा धोका पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरली स्पेशल गाडी, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्यानं ठरवलेली अख्खी गाडी. ती महाग आहे, तरी मोतीबिंदूचं ऑपरेशन, डायलिसिस किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना तिथं काटकसर करू नये. भाडं ठरवताना येणं-जाणं, थांबण्याचे तास आणि उशीर झाला तर जादा किती, हे तिन्ही आधी बोलून घ्यावं. डायलिसिससारखी आठवड्याची ठरलेली खेप असेल तर एकाच गाडीवाल्याशी महिन्याचं बोलावं, शिवाय वाटेवरच्या गावात तसाच पेशंट आहे का ते डायलिसिस सेंटरमध्येच विचारावं. भाडं दोन घरांत वाटलं जातं.

बाळंतपणाला किंवा छातीत कळ आली तर यातलं काहीच शोधत बसू नये. रुग्णवाहिकेला फोन करावा: गरोदर बाईसाठी 102, बाकी तातडीला 108, दोन्ही मोफत.

साध्या तपासणीसाठी मी सांगेन ते असं: जाताना एसटी, येताना दुपारची एसटी पक्की असेल तर तीच, नाहीतर ओळखीची वडाप. तिच्या चालकाला सकाळीच फोन करून ठेवावा, म्हणजे तो जागा धरतो. स्पेशलवाल्यांचे मात्र दोन नंबर लिहून ठेवावेत. लग्नसराईत एकाची गाडी हमखास वऱ्हाडाला गेलेली असते.