ओसाड इमारतीत ट्रायपॉड लावायचा की कॅमेरा हातातच धरायचा?

१८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे जाड भिंती, उंच छत आणि रुंद व्हरांड्यांच्या सरकारी इमारती इथे पुष्कळ. त्यातली एखादी ओस पडलेली शाळा किंवा दवाखाना (रीतसर परवानगी काढूनच) टिपायचा असेल, तर आत काळोख आणि खिडकीबाहेर वैदर्भीय ऊन, हीच खरी अडचण.

ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर २ सेकंद उघडं ठेवलं की भिंतीवरच्या सुटलेल्या चुन्याचा पापुद्रान् पापुद्रा दिसतो. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फ्रेम घेऊन जोडल्या, तर खिडकीही पांढरीफटक पडत नाही. हातात धरून हे नीट जमणं कठीण. फक्त लाकडी मजल्यावर सोबत्याने पाऊल उचललं तरी फोटो हलतो. तसंही, फळ्या कुजलेल्या मजल्यावर चढूच नये.

हातातल्या कॅमेऱ्यात तेच एक्स्पोजर (फोटोचा तेवढाच उजळपणा) एफ/२.८, आयएसओ ३२०० वर १/१२५ सेकंदात मिळतं. नॉइज (फोटोत रवाळ ठिपके) येतो, मागचं-पुढचं सगळं फोकसमध्ये राहत नाही. पण पारवे फडफडत उडाले तर ते यातच सापडतात. शिवाय चौकीदारही ‘शूटिंग हाय का भाऊ?’ म्हणून मागे लागत नाही.

मी मोठ्या खोल्यांसाठी ट्रायपॉडच नेईन. जिने, कड्या-कोयंडे, फाइलींचे ढीग एवढंच हवं असेल तर हात पुरे. मास्क मात्र दोन्ही वेळा लावा. पारव्यांच्या वाळक्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट.